आत कोणी नसलेली नाव

मी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, हे आमच्या गावाला पटायला बरीच वर्षं लागली. संगमनेरहून नाशिक-पुणे रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. घरी गाई, थोडं डाळिंब, थोडा ऊस. समुद्र कुणी पाहिलेला असलाच तर शाळेच्या सहलीत, तोही गुडघ्यापर्यंत. सुट्टीला आले की बायका विचारतात, "आगं, तिथं नुसतं पानीच पानी, मग तू दिवसभर बघत काय बसते?"

मी सांगते, दुसरी जहाजं बघते. आणि ते खरंच आहे. समोर काय दिसतंय, ते कुठे चाललंय, आपल्या वाटेत येईल का, हे ओळखायचं आणि वेळेत जहाज वळवायचं. शंका आली तर रेडिओवर हाक मारायची. पलीकडून कुणाचा तरी झोपाळलेला किंवा वैतागलेला आवाज येतो, आणि तो आला की जिवात जीव येतो.

एकदा अरबी समुद्रात, दुपारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, मला दूरवर नारिंगी रंगाचं काहीतरी दिसलं. दुर्बिणीतून बघितलं तर लांबट, बुटकी नाव आणि तिच्यावर उभं ताठ शीड. कापडाचं नव्हे, विमानाच्या पंखासारखं टणक. डेकवर माणूस नाही. माणूस उभा राहील इतकी जागाच नाही. आमच्या स्क्रीनवर तिची ओळख उमटली होती ती नुसती अक्षरं आणि आकडे. मी रेडिओवर हाक मारली. पुन्हा मारली. काही नाही.

माझ्यासोबत वॉचला रत्नागिरीकडचे एक खलाशी होते, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास. ते म्हणाले, "मॅडम, असल्या बोटी ऐकल्यात मी. आपणच चालतात. हवामान मोजतात म्हणे."

त्या 'म्हणे'वर त्यांनी चांगलाच जोर दिला.

इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या नावेला वाट द्यायची, हा आमचा नियम. मी जहाज उजवीकडे वळवलं. थोड्या वेळाने तीही त्याच बाजूला वळली आणि पुन्हा आमच्या पुढ्यात आली. मी आणखी वळले. खलाशी कठड्याजवळ जाऊन उभे राहिले. "मागं लागलीय आपल्या," ते म्हणाले.

मी कॅप्टनना बोलावलं. ते केरळचे, कमी बोलणारे. त्यांनी बराच वेळ दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवली. "वारा फिरला म्हणून तिने बाजू बदलली, एवढंच," ते म्हणाले. मग दुर्बीण खाली घेत, "मागच्या डेकवर कपडे वाळत घातलेत ना? काढायला सांगा. तिच्यावर कॅमेरा असणार."

मला हसू आलं, पण ते हसले नव्हते. कपडे काढले गेले. ती नाव आमच्या डाव्या बाजूने, व्यवस्थित अंतर ठेवून निघून गेली. तिच्या शिडाच्या टोकाला एक काळा, गोल, चकाकणारा डोळा होता. तो आमच्याकडे होता की नव्हता, हे काही मला सांगता यायचं नाही.

पुढच्या सुट्टीत मी हे घरी सांगितलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच डेअरीतून आले होते. तिथल्या फॅट मोजणाऱ्या यंत्रावर त्यांचा कधीच विश्वास बसलेला नाही. कॅन विसळता विसळता ते ऐकत राहिले.

"मानूसच न्हाई म्हनल्यावर ती चुकली तर भांडायचं कुनाशी?" त्यांनी विचारलं.

"कंपनी असते, आण्णा. लांब कुठंतरी ऑफिसात बसून लक्ष ठेवतात."

"लक्ष ठेवत्यात. मंग हाक मारली तवा बोलले का न्हाई?"

बोलण्याची सोय नसेल, असं काहीतरी मी म्हटलं. आई म्हणाली, "तू आपली लांबूनच जात जा बाई."

पुन्हा जहाजावर गेले, आणि त्या फेरीत जे घडलं ते अजून माझ्या मनातून जात नाही. एका सकाळी किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा निरोप आला. इंजिन बंद पडलेली एक मच्छीमार बोट वाहत चालली आहे, तुम्हीच जवळ आहात, जाऊन बघा. आम्ही वळलो. जेवणाच्या वेळेच्या आत बोट दिसली. गुजरातकडची, लाकडी, हिरव्या रंगाची. माणसं टपावर चढून लुंग्या हलवत होती.

आम्ही त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं. तटरक्षक दलाचं जहाज ओढून न्यायला निघालं होतं, ते येईपर्यंत आम्ही जवळ थांबणार होतो. त्यांच्यातला एकजण जखमी आहे असं कळलं, म्हणून त्याला शिडीवरून वर घेतलं. औषधपाण्याचं काम जहाजावर माझ्याकडेच असतं. तो बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे तिच्या प्रमुखाचा, धाकटा भाऊ. चांगला तिशीचा धिप्पाड माणूस. त्याची छाती आणि दोन्ही हातांची आतली बाजू सोलवटून निघाली होती. कशाला तरी घट्ट मिठी मारून घसरल्यासारखी.

जखमा धुताना मी विचारलं, "हे कशाने झालं?"

तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागला. त्यांचा रेडिओ बंद पडला होता, पाणी संपत आलं होतं. काल सकाळी त्यांना शीड दिसलं. नारिंगी. सगळे ओरडायला लागले. नाव सरळ त्यांच्याकडे येत होती. तांडेलाने नारळ काढून ठेवला, समुद्राला वाहायला. आणि अगदी जवळ आल्यावर नाव शांतपणे वळली, त्यांच्या बोटीला वळसा घालून पुढे निघाली.

"मला वाटलं, त्यांनी पाहिलं नाही," तो म्हणाला. "मी उडी मारली."

वारा पडलेला होता, नाव हळू चालली होती, म्हणून तो तिच्यापर्यंत पोचला. तिच्या अंगाला शंख-शिंपले चिकटलेले होते. त्याने मिठी मारली. धरायला दोर नाही, कठडा नाही. एका हाताने तो तिच्यावर थापा मारत राहिला. भैया, भैया, म्हणून ओरडत राहिला. झाकण शोधलं, दार शोधलं. त्याला खात्री होती, आत कोणीतरी झोपलं असणार. नाव त्याला घेऊन तशीच चालली. मागे त्याची बोट लहान होत गेली. तेव्हा त्याने हात सोडले. परत पोहत येताना आपण बुडतो आहोत असं त्याला दोनदा वाटलं.

"आत कोणी नसतं," मी म्हटलं. "ती आपणच चालते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची समजूत काढायला काहीतरी बनवून सांगते आहे.

दुपारी बचाव केंद्राकडून आणखी एक निरोप आला. हीच ती बोट ना, याची खात्री करायला सोबत एक फोटो होता. कॅप्टननी मला स्क्रीनपाशी बोलावलं. फोटो उंचावरून खाली बघून काढलेला होता. कडेला नारिंगी पट्टा, लांबवर हिरवी बोट, आणि अगदी खाली पाण्यात अर्धा बुडालेला एक माणूस. तोंड उघडं, तळवा वर उचललेला, थाप मारण्याच्या बेतात.

म्हणजे निरोप त्या नावेमुळेच आला होता. तिच्या मालकांपैकी कुणीतरी तो फोटो पाहिला, बचाव केंद्राला कळवलं, केंद्राने आम्हाला वळवलं. ती आली नसती, तर त्या बोटीवरचं कुणी वाचलं नसतं. हे मी स्वतःला बजावलं. पण फोटो काल सकाळचा होता आणि आम्हाला निरोप आज सकाळी मिळाला. मधला सगळा वेळ तो फोटो कुठे पडून होता? कॅप्टननी केंद्राला विचारलं. केंद्राने नावेच्या कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीचं उत्तर आलं ते आभाराचं: आपल्या सहकार्याबद्दल. वेळेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी तो फोटो त्या माणसाला दाखवला. दाखवावा की नाही, याचा थोडा विचार केला होता. त्याने स्वतःला ओळखलं. मग हळूच म्हणाला, "मतलब कोई था."

त्याने फोटोतल्या स्वतःच्या हातावर बोट ठेवलं.

"था, तो बोला क्यों नहीं?"

संध्याकाळ व्हायच्या आत तटरक्षक दलाचं जहाज आलं आणि बोट ओढून घेऊन गेलं. सगळी माणसं सुखरूप घरी पोचली, असं पुढे कळलं. रत्नागिरीचे खलाशी या फेरीतही माझ्यासोबत होते. वॉचला एकदा म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी वाळत घातलेले कपडे काढताना मनात आलेलं खोटं नव्हतं. ती बघते."

गावी आल्यावर मी आण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच आपली बाजू खरी ठरली असं म्हटलं नाही. उलट म्हणाले, "जीव वाचले ना? मंग तिला नावं ठेवू नको." थोड्या वेळाने गोठ्यातून परत आले आणि म्हणाले, "पर त्या मानसाला आता पान्यात उतरताना काय वाटत आसंल गं?"

आता अशा नावा पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. त्यांना मी नियमापेक्षा जास्त अंतर देते. आणि एक सवय लागली आहे. नारिंगी शीड दिसलं की मी आधी दुर्बीण तिच्यावर धरत नाही. ती जिकडून आली, त्या बाजूचं पाणी नीट बघून घेते.