अकरा दिवसांचा झब्बा

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी खगेन नस्करनं एकोणिसाव्या झब्ब्याची डावी बाही पाटावर पसरली. उजव्या मुठीत गारंबीची चपटी, गुळगुळीत बी होती. खळ दिलेल्या ओलसर मलमलीवरून ती रेटत पुढे न्यायची, की मागे बारीक चुण्यांची रांग उभी राहते. दंडापासून मनगटापर्यंत एका बाहीला अकरा मिनिटं लागतात. खगेनला नऊ पुरत.

दुर्गापूजेला आठ दिवस उरले होते. षष्ठीच्या सकाळी चुण्यांच्या बाह्यांचा झब्बा घातल्याशिवाय भवानीपूरच्या जुन्या घरांमधले कर्ते पुरुष मंडपात पाऊल ठेवत नाहीत. खगेनचे वडील याच घरांचे झब्बे करत आणि आता खगेन करत होता. एरवी, आणि या दिवसांतही सकाळनंतर, तो टालीगंजच्या एका सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळी. या नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. या काळात राजे, डाकू, विधवा आणि जमीनदार त्याच्या हातून कपडे घालून कॅमेऱ्यासमोर गेले, आणि एकाचंही बटण चुकलेलं नव्हतं. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कुणी सांगितलं तर मात्र तिथून उठतही नसे.

एकोणिसावा झब्बा घडी करून त्यानं बायकोकडे सरकवला. सरजूबालानं गळपट्टी उलटून धोब्याची खूण शोधली. प्रत्येक घराची खूण वेगळी असते, त्यावरून गठ्ठे लागतात.

"अहो, याला खूणच नाहीये."

"नीट बघ. दत्तांचा असेल."

"दत्तांचे तिन्ही झाले. हा खिळ्यावर लटकत होता, तोच. काल गठ्ठ्याबरोबर धुतला मी. काय कळकट होता हो! तीन पाणी बदलली. आणि पोटाशी भोक होतं, तेही बुजवलं."

खगेननं बी खाली ठेवली.

"कोणत्या खिळ्यावर?"

"दाराच्या. तुम्हीच तर आणून टांगलात परवा."

त्यानं झब्बा उलगडला, पोटाशी बोटं फिरवली. रफू इतकं सुरेख झालं होतं की भोक कुठे होतं ते त्यालाही सापडेना.

"चिडलात का?" सरजूनं विचारलं. "भोक असलेला कपडा गिऱ्हाइकाला परत द्यायचा नाही, हे तुमच्याच तोंडून ऐकत आलेय मी बावीस वर्षं."

"गिऱ्हाइकाचा नव्हता तो," खगेन म्हणाला. "सिनेमाचा होता."

तो झब्बा निरुपम लाहिरींचा होता. त्यांना सगळे निरुदा म्हणत. वय बावन्न, उंच, खंगलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आधी चित्रकार, मग सिनेमावाले. त्यांचे तीन सिनेमे आले आणि तिन्ही आठवडाभरात उतरले. आता ते चौथा करत होते, स्वतःवरच. सगळ्यावरचा विश्वास उडालेला एक चित्रकार अंगावरच्या एका झब्ब्यानिशी घर सोडतो, बंगालभर भटकतो आणि शेवटी बायकोच्या दारात येऊन उभा राहतो, इतकीच गोष्ट. चित्रकाराचं काम निरुदाच करत होते. झब्बाही त्यांच्या स्वतःच्या पेटीतला. अकरा दिवसांच्या चित्रीकरणात तो रोज थोडा थोडा मळत गेला होता आणि तसाच फिल्मवर उमटला होता. कपडेपटाच्या खोलीत उंदीर झाले म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी खगेननं तो जपून घरी आणला होता.

आज बारावा दिवस, शेवटून दुसरा. परतण्याचा प्रसंग. दोन नंबरच्या फ्लोअरवर घराचा सेट उभा होता आणि संध्याकाळी तो मोडून तिथे दुसऱ्या कंपनीचा राजवाडा लागायचा होता.

खगेन सात वाजता स्टुडिओत पोचला. निरुदांचा सहायक शोभन गुहा फाटकापाशीच भेटला. खगेननं पिशवी उघडून दाखवली. शोभननं आत पाहिलं, मग खगेनच्या तोंडाकडे पाहिलं.

"खगेनदा, हे काय? जावयाला आहेर आणलात?"

"घरी धुतला गेला."

"धुतला गेला? यावर चुण्या आहेत! खळ आहे! हा झब्बा आपोआप धुतला गेला आणि आपोआप चुण्या पाडून बसला?"

"चुण्या मी पाडल्या."

शोभन कट्ट्यावर बसला. "परवा दादा काय म्हणाले माहितीये ना? आता आणखी एक जरी अडचण आली तर मी घरी जातो, सिनेमा तुमचा तुम्ही पुरा करा. ते निमित्तच शोधताहेत हो. आणि तुम्ही ते इस्त्री करून आणलंत."

"इस्त्री नाही केलेली."

"उपकार झाले!"

तेवढ्यात कॅमेरामन तारकबाबू आले. तारकबाबू अंगानं भरलेले, कुठेही बसले की आधी एक सुस्कारा टाकायचे. त्यांनी झब्बा हातात घेऊन बाही उजेडात धरली. "वा! काम मात्र फर्स्ट क्लास. खगेन, माझाही एक करून दे ना पूजेला."

"तारकदा, प्लीज," शोभन म्हणाला.

साडेआठला निरुदा आले. येताना बिडी पेटवलेली होती. शोभननं काही सांगायच्या आत खगेननं झब्बा त्यांच्यापुढे धरला.

निरुदांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला. "कुणाचं लग्न?"

"चूक माझी आहे, दादा. पूजेच्या गठ्ठ्यात गेला."

निरुदा सेटमधल्या चारपाईवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि शोभनला भीती वाटत होती ती त्याचीच. निरुदांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं मी या देशाला सांगतोय की बघा, आपण कसे मळलोय. देशानं ऐकलं नाही. शेवटी माझ्याच कपडेपटानं मला धुऊन काढलं. शोभन, पॅक अप."

"दादा, मला चार तास द्या," खगेन म्हणाला.

"चार तासांत अकरा दिवस मळवणार तू?"

"मला सगळे डाग पाठ आहेत."

निरुदांनी बिडी तोंडातून काढली. "सांग."

खगेन हात मागे बांधून, शाळेत उभं राहावं तसा उभा राहिला. "पहिला दिवस, काळीघाट. डाव्या मनगटावर चहा. मोठा डाग नाण्याएवढा, खाली दोन शिंतोडे. तिसरा दिवस, खिशाच्या डाव्या कोपऱ्यात शाई. शॉटमध्ये नव्हतं ते. तुम्ही पेन उलटं खोचलंत."

"मी?"

"तुम्हीच. शोभनबाबूंनी सरळ करून दिलं, तुम्ही परत उलटं खोचलंत."

शोभननं मान हलवली.

"पाच ते सात, बीरभूम. मागच्या घेरावर लाल माती, खालून दोन वीत. उजवीकडे जास्त, कारण तुम्ही कलून बसता. आठवा दिवस, खानावळ. दुसऱ्या बटणाखाली मोहरीचा रस्सा. लांबट आहे, पुसताना ओढला गेला. दहावा दिवस, पोटाशी बिडीचं भोक, नाभीच्या उजवीकडे चार बोटं. मटारएवढं. वरची कड काळी, खालची तपकिरी."

निरुदांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि अकराव्या दिवशी?"

"अकराव्या दिवशी काही नाही. तुम्ही दिवसभर शोभनबाबूंशी भांडत होता, शॉट झालाच नाही."

तारकबाबू मोठ्यानं हसले. एक लाइटवाला शिडीवर हसला. निरुदा हसले नाहीत, पण बिडी पायाखाली विझवली.

"एका वर्तमानपत्रानं माझ्या दुसऱ्या सिनेमावर दोन रकाने लिहिले होते," ते म्हणाले. "त्यात नायिका मरते असं छापलं होतं. मरत नाही ती. शेवटच्या दृश्यात भात शिजवत असते. त्यांनी पाहिलाच नव्हता." मग खगेनकडे वळून, "साडेबारा. एक मिनिट जास्त नाही."

खगेननं आधी खळ उतरवली, गरम पाण्यात दोनदा. झब्बा पाच किलोवॅटच्या दिव्यासमोर वाळत घातला. सुकल्यावर त्याचा बोळा करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "तारकदा, बसा."

"कशावर?"

"झब्ब्यावर. तुमच्यासारखा बसणारा या स्टुडिओत दुसरा नाही."

तारकबाबूंनी सुस्कारा टाकला आणि बसले. पाऊण तास बसून त्यांनी तिथूनच दिवे लावून घेतले.

चहा फाटकाबाहेरच्या दुकानातून आला, मातीच्या पेल्यातून, कारण काचेच्या ग्लासातून सांडलेला चहा वेगळा पसरतो. मोहरीचा रस्सा कॅन्टीनमधून आला. शाई निरुदांच्या पेनातून घेतली. अडलं ते मातीपाशी.

"कोळशाची पूड लाव," तारकबाबू बसल्या जागेवरून म्हणाले. "सिनेमा काळा-पांढरा आहे. लाल काय नि काळं काय, कुणाला दिसणारेय?"

"कोळसा कापडावर बसतो, माती आत शिरते. सुरकुतीत दोन्ही वेगळी दिसतात."

"मग जा बीरभूमला. संध्याकाळची गाडी आहे."

खगेन फ्लोअरभर फिरून आला. सामानाच्या पेट्या त्यानं उघडून बघितल्या. मग तारकबाबूंच्याच कॅमेऱ्यापाशी जाऊन वाकला. तिपाईच्या तिन्ही पायांच्या सांध्यांत बीरभूमची लाल माती वाळून घट्ट बसली होती.

"तारकदा, तिपाई पुसली नाहीत तुम्ही परतल्यावर?"

"पुसणारच होतो."

"फार बरं केलंत."

पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या चमच्यानं कोरून ओंजळभर माती निघाली. खगेननं ती पाण्यात कालवून जमिनीवर पसरली, तिच्यावर झब्ब्याचा मागचा घेर अंथरला आणि निरुदांना म्हणाला, "दादा, या घेरावर बसा. कलून. मी कितीही लावली तरी तुमच्यासारखी नाही लागायची." निरुदा बसले, उजवीकडे कलून. खगेननं वितीनं मोजून पाहिलं आणि मातीची कड थोडी वर घेतली.

उरलं भोक. खगेननं जागा दाखवली. निरुदांनी बिडी पेटवली, जवळ नेली आणि थांबले.

"इथे रफू आहे."

"हो."

"तुझं नाही हे. तुझी शिवण मला माहीत आहे, माझ्या मागच्या सिनेमातल्या विधवेचा पदर तू शिवला होतास." त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "बौदींचं? तुझ्या बायकोचं?"

खगेननं पोटाशी कापड ताणून धरलं.

"म्हणजे धुतलाही त्यांनीच. आणि तू सकाळपासून माझी चूक, माझी चूक करतोयस." निरुदांनी बिडी टेकवली. धागा करपला, मटारएवढं भोक पडलं. "सांग त्यांना, हे मोडताना हात आखडला."

बारा पंचवीसला झब्बा अंगावर चढला. शोभननं अकरा दिवसांचे फोटो रांगेनं मांडले आणि एकेक डाग ताडून पाहिला. चहा बरोबर, शाई बरोबर, माती बरोबर. मग तो डाव्या बाहीपाशी थांबला. धुऊन, चुरगळून, तारकबाबूंचं वजन सोसूनही दंडाजवळ चुण्यांच्या पुसट रेघा उरल्या होत्या.

"खगेनदा, या जात नाहीत?"

"दोन धुण्यांत जायला हव्या होत्या," खगेन म्हणाला. त्याच्या आवाजात दिलगिरी होती, पण पूर्ण नाही. "जरा जोर लागला असेल सकाळी."

निरुदांनी आरशात पाहिलं. त्यांनी दोन्ही बाह्या हळूहळू वर दुमडल्या. एक घडी, दोन घड्या, कोपराच्या वरपर्यंत. चहाचा डाग घडीच्या कडेला येऊन राहिला, रेघा आत गेल्या.

"चुलीपाशी बायको बसलेली असणार," ते म्हणाले. "इतक्या दिवसांनी परत आलेला माणूस आधी पाणी भरायला लागतो. शोभन, दारात एक बादली ठेव."

"बादली लिहिलेली नाहीये, दादा."

"आता लिही."

शॉट बारा बेचाळीसला सुरू झाला. पहिल्या वेळी बादली लवंडली. दुसऱ्या वेळी निरुदा दारात आले, आत बघितलं, काही न बोलता बादली उचलली आणि चालू लागले. तारकबाबूंनी कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि बोटांनी ठीक अशी खूण केली. निरुदांनी तिसऱ्यांदा घ्यायला सांगितलं नाही. शोभनच्या आठवणीत असं प्रथमच झालं.

खगेननं वहीत लिहिलं: 'बाह्या दोन घड्या. उजवी अर्धा बोट वर.' वही मिटून तो झब्बा घ्यायला गेला, तर शोभन तिथे आधीच उभा.

"हा मी ठेवतो, खगेनदा."

"कपडेपट माझा आहे."

"कपडेपट तुमचा, झब्बा माझा. एक दिवसापुरता. घरी काय सांगणार आहात?"

"सांगणार काय? रफू मोडलं म्हणून सांगेन. दादांचा हात आखडला, तेही." तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "अकरा झब्बे राहिलेत अजून. मित्र घराण्याचे सहा, चौधरींचे पाच. तारकदांचा धरला तर बारा."

"माझा ढगळ कर," तारकबाबू खुर्चीतून म्हणाले.

शोभननं झब्बा लेन्सच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. उद्याच्या चित्रीकरणाचा कागद त्यानं फाटकाच्या फळ्यावर डकवला. शेवटच्या दिवसाचा कॉल सकाळी साडेसातचा, टालीगंज ट्राम डेपोसमोर. कलाकार एक, निरुपम लाहिरी. कपडे तेच. पेटी सात वाजता खगेन नस्कर यांच्यासमोर उघडली जाईल.