साखर उतरली अशी साक्ष मी दिली

"साखर वाढलीय. जेस्टेशनल डायबेटिस," डॉ. रुख्साना म्हणाल्या आणि मी हसले. खरंच हसले! लग्नाला बारा वर्षं झालेली, वय एकोणचाळीस, आणि सहाव्या महिन्यातलं बाळ पोटात लाथा मारत होतं. त्या आनंदात कुणी घराला आग लागलीय असं सांगितलं असतं तरी मी आधी त्याला बाळाची लाथ दाखवली असती.

जेस्टेशनल डायबेटिस म्हणजे गरोदरपणात होणारा मधुमेह. ग्लुकोजचं गोड पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा एकशे चाळीसच्या आत हवा, माझा एकशे शहाऐंशी आला. डॉक्टरांनी समजावलं, "तुमची जास्तीची साखर नाळेतून बाळाला जाते. बाळ फुगतं, भोवतीचं पाणी वाढतं, आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येते. वेळेवर खायचं, मोजून खायचं. दोन आठवड्यांनी बघू. नाही उतरली तर इन्सुलिन."

इन्सुलिनचं नाव ऐकल्यावर मात्र हसू गेलं. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात मी एकच प्रार्थना केली, सुई नको.

घरी सासूबाईंना सांगितलं. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या स्वतः पंधरा वर्षं साखरेच्या गोळ्या खातात, आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळात त्यांचा शब्द चालतो. "सुई कशापायी? साखळी उपवास धरूया की!" त्या म्हणाल्या. साखळी उपवास म्हणजे बायका एकेक दिवस वाटून घेतात आणि त्या दिवशी न जेवता एकाच कारणासाठी प्रार्थना करतात. संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. माझ्या बाळासाठी बाकीच्या उपाशी राहणार आणि मी मात्र वेळेवर भाकरी मोडणार? मला ते पटेना. यादीत नाव न घालता मीही शुक्रवार धरला. आत्या वाढायला लागल्या की "नंतर खाते" म्हणायचे.

रक्त शनिवारी द्यायचं होतं. आदल्या दिवशीच्या उपवासानं पोट असं आवळलेलं की सकाळी दोन चमचे पोह्यांवर घास जाईना. उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याहत्तर, खाल्ल्यानंतरची एकशे दोन. डॉक्टर खूश, मी तर हवेत! रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी "कुणाची साक्ष आहे का?" असं विचारायचा अवकाश, मी उभी. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी केलेलं सगळ्यांसमोर सांगणं. मला बोलायला आग्रह करावा लागत नाही, हे चर्चच्या मंडळीला ठाऊक आहे.

"प्रभूनं माझी साखर उतरवली!" मी म्हणाले. "गोळी नाही, सुई नाही, नुसत्या प्रार्थनेनं!" हालेलुया झालं, टाळ्या झाल्या. पहिल्या बाकावर आत्या डोळे पुसत होत्या.

पुढचे पाच शुक्रवारही मी उपाशी राहिले आणि शनिवारी रक्त देत राहिले.

एकतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर एरवी पडद्यावर बाळाचं नाक दाखवायच्या, त्या दिवशी त्यांनी बाळाचं पोट दोनदा मोजलं. मग म्हणाल्या, "बाळाचं पोट वयाच्या मानानं मोठं आहे. पाणीही जास्त. रक्ताचे रिपोर्ट चांगले आणि बाळ सांगतंय भलतंच." त्यांनी दोन तपासण्या लिहिल्या. एक एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी. एका दिवसाच्या उपाशीपणानं ती फसत नाही. दुसरी लघवीतल्या कीटोन्सची. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं, त्यातून कीटोन्स तयार होतात.

दोन्ही रिपोर्ट वाईट आले. तो दिवस शनिवारच होता.

"उपवास करताय?" डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"प्रार्थनेसाठी. फक्त शुक्रवारी."

"आणि रक्त शनिवारी देताय. एक दिवस उपाशी, बाकी सहा दिवस साखर वर. काय ओ हे? पोटातल्या बाळानं कुठला उपवास धरलाय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्यात रोजे असतात. गरोदर बाईला त्यातून सूट आहे, दोन्ही बाळंतपणांत मी ती घेतली. तुमच्या देवानं बारा वर्षांनी बाळ दिलं, ते तुम्हाला जेवायची बंदी घालायला होय?"

मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. बाळाच्या नावावर मी माझी भक्ती मिरवत होते, आणि त्याची झळ बाळाला लागत होती.

त्याच दिवशी इन्सुलिन सुरू झालं. पेनसारखं यंत्र असतं, आकडा फिरवायचा आणि पोटाच्या कातडीखाली टोचायचं. पहिल्यांदा अजितनं, माझ्या नवऱ्यानं टोचलं. शिरोली एमआयडीसीत रोज तापलेल्या लोखंडाच्या रसाशेजारी उभा राहणारा माणूस, त्यानं डोळे मिटून घेतले! मला मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. एवढ्यासाठी मी देवाला साकडं घातलं होतं!

पण आत्यांना सांगायचं धाडस होईना. पेन आणि बोट टोचून साखर मोजायचं ग्लुकोमीटर कपाटात साड्यांखाली ठेवलं. "आधी बाळ होऊ दे, मग सांग," अजित म्हणाला. आकडे उतरायला लागले, बाळाचं पाणी बेतात आलं. प्रार्थनेला बसले की मात्र शब्द फुटत नव्हता. दहा आज्ञा लहानपणापासून पाठ, त्यात खोट्या साक्षीची एक आहेच. तिसऱ्या रविवारी सहन होईना, आणि साक्षीच्या वेळी मी पुन्हा उभी राहिले.

"साखर उतरली नव्हती," मी म्हणाले. "मी उपाशी राहून रक्त देत होते. आता इन्सुलिन घेते. तुमच्यासमोर बोलले ते खरं नव्हतं, मला क्षमा करा."

 पहिल्या बाकावरून आत्या उठल्या.

"आगं, मग मी गोळ्या का बंद केल्या?" सगळी मंडळी वळली. "तुझी उतरली, माझी बी उतरंल म्हणून ट्रंकंत टाकल्यात की! दीड म्हैन्यावर झालं! ह्ये आधी सांगायचं न्हाय व्हय?"

घरी पोचताच माझ्याच ग्लुकोमीटरवर त्यांचं बोट टोचलं. तीनशे शहाऐंशी.  दोन दिवस त्या दवाखान्यात सलाईनवर होत्या, आणि मी बाजूला बसून रडत होते. त्यांनीच मला दटावलं, "रडून साखर उतरत न्हाय. आदी तू जेव."

तुमच्यापैकी कुणी सहाव्या महिन्यात तो आकडा हातात घेऊन बसली असेल तर तिला सांगते, प्रार्थना भरपूर करा, जेवून करा. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि सुईला घाबरू नका.

अडतिसाव्या आठवड्यात मला दाखल करून कळा आणायचं औषध दिलं. रविवारी सकाळी उजाडता उजाडता मुलगी झाली. तीन किलो दोनशे! तिचं रडणं ऐकून मी इतक्या जोरात "आली! आली!" ओरडले की सिस्टर म्हणाली, "बाई, बाळापेक्षा तुमचा आवाज मोठाय."

तासाभरानं तिच्या टाचेला टोचून साखर बघितली. अडतीस. पंचेचाळीसच्या वर हवी. याला निओनेटल हायपोग्लायसेमिया म्हणतात. पोटात असताना आईची साखर मिळायची, नाळ कापली की ती बंद होते आणि बाळाची साखर घसरते. "लगेच पाजा," डॉक्टर म्हणाल्या. "तासाभरानं परत बघू. चढली नाही तर एनआयसीयूत नेऊन सलाईन लावू." एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग.

मी पाजत होते. जेमतेम चमचाभर दूध, पण लेक चोखत होती, आणि माझ्या अंगावर शहारे येत होते. तेवढ्यात आत्यांच्या फोनवर पाळकसाहेब आले. उपासना सुरू व्हायची होती. "मंडळी विचारतेय. काय सांगू?"

"साहेब, थांबा," अजित घाईनं म्हणाला. "आकडा येऊ दे आधी."

मी हात पुढं केला आणि फोन घेतला. "साहेब, मुलगी झालीय. तिची साखर कमी आहे, अडतीस. मी पाजतेय, डॉक्टर बघतायत, पुढचं अजून माहीत नाही. मी आई झालेय, साहेब! मला देवाचे आभार आत्ताच मानायचेत."

पलीकडून आमेन ऐकू आला, आत्याही इकडून "आमेन" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

दुसरा आकडा एकसष्ट आला. तोवर तिकडं मंडळी आभाराचं गीत म्हणून मोकळी झाली होती.