कमलच्या नंबरवर कोण बोललं

शनिवारी अर्ध्या शाळेची दुपारची ट्रिप झाल्यावर कमलनं आणि मी गाडीतल्या सीटखालचा कचरा काढला. चिक्कीचे कागद, एक मोजा, पेन्सिलींची टरफलं. ती मागून झाडत आली, मी पुढून. मधे दोघांची डोकी आपटली. म्हणाली, "गाडी चालवताना तरी समोर बघता का?" मग चहा प्यालो. रविवारी पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि दौंडच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. कुरकुंभला कंपनीचा टँकर चालवला, रिटायर झाल्यावर शाळेची पिवळी गाडी घेतली. बारा पोरं. दहाला कुरकुंभमधनं उचलायची, दौंडला शाळेत सोडायची, पाचला परत आणायची. एका फेरीला आम्ही ट्रिप म्हणतो. गाडीत मुली असल्या की एक बाई ठेवावी लागते, तिला अटेंडंट म्हणतात. ती पोरं मोजते, दार लावते, घराशी उतरवते. आमच्या गाडीत ती कमल होती, माझी बायको. पोरं तिला मावशी म्हणायची.

मोबाईलबंदीचं सगळं तिनंच काढलं. गेल्या वर्षी सातवीतल्या एका पोरीला घरून मोबाईल मिळाला. आठ दिवसांत बाकीच्या अकरा घरांत रडारड. तिला दिला, मला का नाही? आयाबाप एकेकटे कमलकडे येऊन सांगायचे की आम्हाला द्यायचा नाही, पण बाकीचे देणार म्हणतात. बाकीचेही हेच सांगायचे. कमलनं एका रविवारी सगळ्यांना देवीच्या देवळात बोलावलं आणि म्हणाली, एकानं दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, तर कुणीच देऊ नका.

अडचण मात्र खरी होती. कुरकुंभला निम्म्या घरांत दोघंही शिफ्टला. पोर घरी पोचलं का, हे कळायचं कसं? कमलनं तिचा बटणाचा फोन वर धरला. "मला लावा. मी सांगीन." पोरांनी तिचा नंबर पाठ करायचा, बापांनी गप बसायचं, असं ठरलं. दहावी होईपर्यंत पोराला मोबाईल नाही, असं म्हणून सगळ्यांनी, त्या सातवीतल्या पोरीच्या बापानंही, खंडोबाचा भंडारा उचलला. आमच्याकडं भंडारा हातात घेऊन बोललेलं मोडत नाहीत. शबाना शेख पॅकिंगला कामाला आहे. तिनं भंडाऱ्याऐवजी आपल्या अल्फियाच्या डोक्यावर हात ठेवला. जगतापची बायको म्हणाली, "मावशी, पोरांचं झालं. आता आमच्या मालकांचा काढून घ्या." सगळे हसले. जगताप हसला नाही.

ते वर्षभर नीट चाललं. मग कमल गेली.

तेराव्यापर्यंत गाडी उभी होती. नंतर मी एकट्यानंच ट्रिप सुरू केली. लोक म्हणाले, दुसरी बाई बघा. मी म्हटलं, बघतो. बघितली नाही. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं. हे चूक होतं, नियमानंही चूक होतं. फोनसाठी मी सगळ्यांना माझा नंबर दिला. पण हायवेला गाडी चालवत फोन कसा उचलणार? पहिले चार-पाच दिवस तो सारखा वाजला. मग वाजायचा बंद झाला. मला वाटलं, झाली लोकांना सवय. बरंही वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी मी आरशात बघून पोरं मोजली. बारा. निघालो. घरोघर उतरवली. घरी येऊन हातपाय धुतोय तर सातच्या सुमाराला अल्फियाची दादी दारात. "आप्पा, हमारी बच्ची कहाँ है?"

मी म्हटलं, सोडली की. मग आठवायला लागलो. शेखांच्या कोपऱ्याला कोण उतरलं? दोन मुली उतरल्या, पाठी दिसल्या. त्यातली एक अल्फियाच होती का? डोक्यात काही बसेना. दादीला घेऊन जगतापकडं गेलो, कारण त्याची पोरगी अल्फियाच्या वर्गात. ती म्हणाली, अल्फियाची खो-खोची प्रॅक्टिस होती, ती मागं राहिली. मग माझी बारा कशी भरली? तर जगतापची भाची शिरूरवरून एसटीनं दौंडला आली होती, तिला त्याच्या पोरीनं गाडीत घेतलं आणि त्यांच्या घराच्या अलीकडं शेखांच्या कोपऱ्यालाच दोघी उतरल्या. डोकी बरोबर, पोरगी दुसरीच.

जगतापनं कंपनीच्या गेटवर फोन लावून शबानाला बोलावून घेतलं. फोन माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "अल्फिया पोचली ना, आप्पा. सहाच्या चहाला मी गेटवरून फोन केला होता. मावशी म्हणाल्या, पोचली."

"कोण मावशी?"

"फोनवरच्या."

"शबाना, कमल जाऊन दीड महिना झाला."

"मला माहीत आहे, आप्पा. मी आले होते मयतीला. मला वाटलं, फोन घ्यायला तुम्ही घरातल्या कुणाला बसवलंय. तोच नंबर आहे, आवाजपण तसाच आहे. आम्ही सगळ्या रोज तिथंच लावतो."

जगताप माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. कमलचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच. दीड महिन्यात मी तो एकदाही दाबला नव्हता. आताही दाबवेना. शेवटी जगतापनं त्याच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला.

दोन घंट्या झाल्या आणि कमल बोलली. "व्हय, बोला."

मी पायरीवर बसलो. जगतापनं चाचरत विचारलं, अल्फिया कुठंय?

"ती व्हय? ती शाळंत बसलीय. मघाशी तिचाच फोन आला व्हता. मला फोन लावाया येत न्हाई, निस्ता उचलाया येतो. म्या म्हनलं, हाल्लू नगं, दाजी येत्यात."

दाजी म्हणाली तेव्हा कळलं. ही हौसा. कमलची धाकटी बहीण, शिरूरकडं निमोण्याला एकटीच असते. दहाव्याला सुनितानं, म्हणजे माझ्या लेकीनं, आईच्या वस्तू रीतीप्रमाणं वाटल्या. हौसामावशीकडं फोन नाही म्हणून दोन लुगड्यांबरोबर तिला कमलचा फोन दिला. सुनिता सांगते, तिनं मला विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. हलवली असेल.

दौंडला गेलो. अल्फिया वॉचमनच्या खोलीत खुर्चीवर बसून गृहपाठ करत होती. रडलेली नव्हती. वॉचमनच्या फोनवरून तिनं पाठ असलेला नंबर लावला होता. मी विचारलं, मावशी वारल्या हे तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, "हो. पण आवाज त्यांचाच होता. मग मी काही विचारलं नाही."

मी तिचं दप्तर उचललं.

परत आलो तर शेखांच्या दारात सगळे जमलेले. शबाना शिफ्ट अर्धी टाकून आली होती. आधी तिनं पोरीला पोटाशी धरलं, मग मला बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, तिचं बरोबर होतं. जगताप म्हणाला, "बास झालं. उद्या दुकान उघडलं की पहिला मोबाईल मी घेणार. भंडाऱ्याचं माझं मी बघतो." दोघं-तिघं लगेच म्हणाले, मग आम्हीबी.

कमलनं जमवलेलं माझ्या एका मोजण्यानं मोडणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, चूक माझी आहे, भाचीला धरून बारा मोजली मी. कुणी ऐकेना.

शबानानं ऐकलं. तिनं जगतापला विचारलं, "भाऊ, शिफ्टला असताना तुमचा फोन कुठं असतो?"

"लॉकरमध्ये. आत कुठं नेऊ देत्यात?"

"माझाही. मग आज अल्फियाकडं मोबाईल असता, तर तिनं कुणाच्या लॉकरला फोन लावला असता?"

जगतापनं हातातला फोन खिशात घातला.

मग ती माझ्याकडं वळली. "आप्पा, उद्या दहाला गाडीत बाई दिसली पाहिजे. नाही दिसली, तर या सगळ्यांच्या आधी मी मोबाईल घेईन."

पोराला मोबाईल कितव्या वर्षी द्यावा, यातलं मला कळत नाही. शिकलेल्यांनी ठरवावं. मला एवढं कळलं की पोरानं फोन लावला तर तो उचलून उठून जाणारं माणूस कोण, हे आधी ठरवावं लागतं. हौसा उचलत होती, पण तिला जाता येत नव्हतं. मला जाता येत होतं, पण मी उचलत नव्हतो.

सकाळी सहाला गाडी काढली आणि साडेसातला निमोण्यात हौसाच्या दारात उभा राहिलो. ती अंगण झाडत होती. मी विचारलं, पोरी पोचल्यात असं तू कुणाला विचारून सांगत होतीस?

"पहिल्या दिशी म्हनलं, मला ठावं न्हाई. तर ती बाई रडाया लागली," हौसा म्हणाली. "मंग दुसऱ्या दिसापास्नं म्हनाया लागले, पोचली. दाजी, तुमची गाडी कवा पोचली न्हाई?"

"काल न्हाई पोचली."

तिनं केरसुणी खाली ठेवली. आत जाऊन फोन आणला, पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "न्या बाबा. पर त्या बाया लई गोड बोलायच्या. माझा ल्योक कारेगावात कामाला, त्यो ऐतवारी येतो. बाकीचं दीस ह्योच वाजायचा."

फोन घेऊन मी गाडीपर्यंत गेलो. तिथनं परत फिरलो.

म्हटलं, "हौसा, चप्पल घाल."

कुठं, असं तिनं विचारलं नाही. शेजारणीला कोंबड्यांचं सांगितलं, कडी लावली आणि आली. दहाची ट्रिप वेळेत झाली.