पेडणे ते बोमडिला, आणि एक कौल

सुवीला जाऊन आज वर्ष झालं, आणि मला आज तिच्या आईचा भयंकर राग आलाय.

हे लिहू की नको, दुपारपासून डोकं भणभणतंय. पण लिहायला काकींनीच, म्हणजे तिच्या आईनेच, सांगितलंय. तेव्हा वाचा.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी.
सुविधा. आमची सुवी. पेडण्याची, माझी शाळेपासूनची मैत्रीण. डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची. खाण बंद पडली, नोकरी गेली, आणि घरी स्थळांची रांग लागली. दर रविवारी कोणीतरी पोहे खायला हजर.

तेव्हा हिने जाहीर केलं, मी तवांगला जाते. एकटी. विमान नाही, टॅक्सी नाही. एसटी, पॅसेंजर, शेअर सुमो, जे मिळेल ते.

तवांग कुठे आहे हे त्यांच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खोटं कशाला बोलू. पार अरुणाचलात, चीनच्या सीमेजवळ.

घरात म्हणजे काय, फक्त काकी. बाबा ती लहान असतानाच गेलेले, आणि ही एकुलती एक. काकींचा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी म्हणाल्या, देवाला विचारू. देव हो म्हणाला तर जा.

आमच्याकडे असंच असतं. लग्न ठरवायचं असो की घर बांधायचं, देवळात कौल लावायचा. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

काकी एकट्याच आपल्या माहेरच्या देवळात जाऊन आल्या, बांद्याच्या बाजूला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या, डावा पडला.

सुवी हसली. म्हणाली, देवाला तवांगची बस माहीत नसेल.
आणि त्याच आठवड्यात सॅक पाठीला लावून तिने सावंतवाडीची गाडी पकडली. काकी दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

पण ते हसणं वरवरचं होतं. देवाला मनापासून मानणारी मुलगी ती.

नाशिकच्या स्टँडवर सॅक कापली, मला फोन.
झाशीला लॉजवाला नको ते बोलला, ही उठून स्टँडवरच्या बायकांत जाऊन बसली. फोन.
सिलिगुडीत ताप. फोन.

रडायची नाही. पण सगळं सांगून झालं की एकच वाक्य.
"देवान नको म्हटलेला गो. तरी मी इलंय."

मी चिडायचे. म्हणायचे, सॅक काय फक्त तुझीच कापतात? त्यात देव कुठे आला? ती हो हो म्हणायची आणि फोन ठेवायची.

चांगलंही खूप भेटलं तिला. बिहारच्या एका पॅसेंजरमध्ये अनोळखी म्हातारीने सुनेला उठवून हिला खिडकीशी बसवलं, भाकरी दिली, हिचं डोकं मांडीवर घेतलं. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

अशी करत करत बोमडिलाला पोचली. तिथून तवांग म्हणजे एका दिवसाची सुमो.
आणि पुढे दरड कोसळली.

बाकीचे लोक थांबले. रस्ता मोकळा झाला, सुमो निघाल्या.
सुवी चढली नाही. परत फिरली.

रस्ता बंद होता, अशी पोस्ट तिने टाकली होती. आपण सगळ्यांनी लाइक केली. रस्ता उघडा होता. ती घाबरली होती. हा देवाचा शेवटचा इशारा, असं तिच्या मनाने घेतलं. हे तिने फक्त मला सांगितलं.

घरी आली, डिचोलीतच दुसरी नोकरी लागली. तवांगचं नाव काढलं की विषय बदलायची.
मग पावसाळ्यात डेंग्यू. बघता बघता गेली.

आणि लोकांची तोंडं सुटली. देवाचं ऐकलं नाही. एकटी बाईमाणूस, कुठे कुठे हिंडली.
अहो, डास पेडण्याचा होता. तवांगहून नव्हता आला.
वर्षभर ऐकतेय मी हे. लग्नात, बाजारात, बसमध्ये.

आज वर्षश्राद्ध होतं. पंगत बसली होती, काकी वाढत होत्या. सुवीची आत्या म्हणाली, देवाने आधीच सांगितलं होतं, पण हल्लीच्या पोरी कोणाचं ऐकतात?

काकींनी खिरीचं भांडं खाली ठेवलं.
"देवान उजवो दिलेल्यान," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. पाकळी उजवी पडली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत. बांद्याहून येताना बसमध्ये त्यांनी ठरवलं, डावी म्हणून सांगायचं. म्हणजे पोरगी थांबेल. पोरगी थांबली नाही, आणि मग खरं सांगायला तोंड उरलं नाही.

बोमडिलाहून परतल्यावर सुवी त्यांना घेऊन त्याच देवळात गेली होती म्हणे. देवासमोर लोटांगण घातलं.
"माझा चेडू माफी मागी होता, नि मी बाजूक उभी रवान बघी होतंय."

आत्या म्हणाली, जाऊ दे, झालं ते झालं.

"नाय. माझ्या चेडवाक बोल लावू नकात. माका लावा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू फोनवर लिहितेस ना, तर हे लिही. सगळ्यांना वाचू दे.

मी पानावरून उठले. तशीच घरी आले. आज त्या घरात त्या एकट्या आहेत, ते कळतं मला. उद्या कदाचित जाईन. आज माझ्याने होणार नाही.

एवढा देश पालथा घातला माझ्या मैत्रिणीने, आणि एक दिवस निर्धास्त फिरली नाही. ह्याचा राग आहे. तो कुठे नेऊन ठेवू कळत नाही.

तिला बोल लावणारे बरेचजण ह्याच लिस्टमध्ये आहात. वाचलंत ना? आता पुरे.

सुवी,
देव हो म्हणाला होता गो.
तू सावंतवाडीची गाडी पकडलीस त्याच्याही आधी.
त्या सुमोत चढायला तुला कोणाचीच आडकाठी नव्हती.

श्रद्धांजली म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.
माफी तू मागायची नव्हतीस.