दुसऱ्या फेरीची उत्तरं

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. शिवमंदिरात जाते, तिथे हात जोडून दुसरंच काहीबाही मागते — हे नाही काढत. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा हात उठायचा. ते लपलेलं नाही, शेजारपाजारच्यांना विचारा. मुलाला मारलं, एकदा धाकट्या जावेला पाण्याचा तांब्या फेकून मारला, नातीलाही मारलं. लपवलंय ते वेगळं. पण माराशिवाय ते सांगता येत नाही.

नात म्हणजे तेजू. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतरची ती नीट परीक्षा — पहिल्या वेळी थोडक्यात राहिली. मग एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास. मुलगा-सून कामावर. अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या, तिथे दिवसभर ती आणि मी. खालच्या मजल्यावरच्या एका मुलीने आदल्या वर्षी उल्हासनगरला क्लास केला होता, तिने सरावाच्या पेपरांचा गठ्ठा तेजूला दिला. पेपर सोडवायचा, पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे. उत्तरांचे कागद माझ्याकडे, पत्र्याच्या डब्यात. तेजूनेच दिले होते. म्हणाली, "समोर असले की डोळा जातोच, आजी. तूच तपास."

मी चौथी शिकलेली. पण ए-बी-सी-डी ओळखते. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला होते, तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर ती अक्षरं असायची. प्रश्नांतलं मला काही कळत नसे. अक्षराला अक्षर जुळलं की बरोबर, नाही जुळलं की चूक. आणि पहिल्या वेळी बरोबर आलेलं दुसऱ्या वेळी चुकलं, तर तळहातावर लाटणं. हा नियम माझा. ती हात पुढे करायची. "डावा घे गं, उजव्याने लिहायचंय," म्हणायची आणि हसायची. मी डावा घ्यायचे.

उन्हाळ्यातली दुपार. फिजिक्सचा पेपर, पंचेचाळीस प्रश्न, दुसरी फेरी. पहिल्या फेरीत तिचे छत्तीस बरोबर आले होते. मी चहा ठेवला होता. ओट्यापाशी उभ्या उभ्याच जुळवायला घेतलं. पहिलं चूक. दुसरं चूक. तिसरंही — शेवटी बरोबर निघाले अकरा.

"अकरा," मी म्हणाले. "शेण खाल्लंस का गं?"

ती हसली. "शक्यच नाही, आजी. तू कागद दुसराच घेतलायस. बघ ना नीट."

"मला अडाणी म्हणतेस?"

"तसं नाही गं —"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. चहाचं पातेलं उतरवायला घेतलेली सांडशी हातात होती, लोखंडी. तीच मारली. भुवईवर बसली. ती खाली कोसळली, तरी मारली — खांद्यावर, पाठीवर, डोकं झाकलेल्या हातांवर. किती वेळा? कोण मोजतंय. ती आधी ओरडली, मग ओरडायची थांबली, आणि ती ओरडत नाही याचाच मला जास्त राग आला. थांबले ते दम लागला म्हणून. दया आली म्हणून नव्हे. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. पेपरवर रक्त सांडलं होतं, वरच्या पाच-सहा प्रश्नांवर.

चार टाके पडले. डॉक्टरांना तेजूनेच सांगितलं, मोरीत घसरले. मी पढवायच्या आधीच.

हे वाईट आहे, मला कळतं. पण मी सांगायला बसले ते हे नाही.

घरी आल्यावर ती आतल्या खोलीत झोपली. मी डबा आवरायला घेतला, तर तळाशी आणखी एक कागद. वर दोनचा आकडा. मग दोन्ही फेऱ्यांचे पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आधीच्या पेपरांना दोन्ही फेऱ्यांना एकच कागद पुरायचा; या पेपराला क्लासवाल्यांनी दुसऱ्या फेरीला प्रश्न तेच ठेवले होते, फक्त मागेपुढे केले होते — पोरांनी नुसती अक्षरं पाठ करू नयेत म्हणून. आणि मी काय धरून चालले होते? प्रश्न तेच, तर उत्तरंही तीच. माझ्या शाळेत तसंच असायचं.

त्या कागदाशी जुळवलं. एक्केचाळीस. रक्ताखालची अक्षरंसुद्धा बरोबर.

ती चार पावलांवर होती. काय लागलं असतं मला? एक वाक्य. "तुझं बरोबर होतं" — एवढंच. तेवढंही नको, तो कागद तिच्या उशाशी ठेवला असता तरी चाललं असतं.

मी गॅस पेटवला आणि कागद जाळला.

संध्याकाळी तिने विचारलं, "आजी, कागद तोच होता ना?"

"तोच होता."

"अकराच?"

"अकराच."

तिने भुवईवरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तू मारतेस, पण खोटं कधी बोलत नाहीस." आणि तिने मानलं. सांडशीने जे झालं नव्हतं, ते माझ्या "तोच होता" या दोन शब्दांनी झालं.

पाचव्या दिवशी तोच पेपर घेऊन ती पुन्हा बसली, भुवईवर पट्टी. मी शेंगा निवडत समोर होते. ती गणित करायची, उत्तर यायचं, ते खोडायची — आणि दुसरं अक्षर लिहायची. मी बघत होते. काय खोडतेय ते मला ठाऊक होतं. तपासायला दिला, तेव्हा जुळवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तरी पेन घेतलं. मनाला येईल तशा खुणा केल्या.

"तेवीस," म्हणाले. "सुधारलीस."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

त्या नीटच्या परीक्षेत चुकलं की मार्क कापतात. परीक्षा देऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "येत होतं गं बरंच. पण माझी मलाच खात्री वाटेना. सोडून दिले." जागा गेली. मुलगा तिसऱ्या वर्षाला तयार होता. तीच नको म्हणाली.

का केलं मी असं? मुलाची भीती? छे. पोरीपुढे अडाणी ठरायचं नव्हतं. बस. इतकं छोटं आहे ते.

आता ती बदलापुरात, कुळगावला, एका लॅबमध्ये रक्त काढते. माझी साखर तीच तपासते. गेल्या महिन्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरीणबाई सहज बोलायला थांबल्या. "आजी, हिला एवढं कळतं, ही डॉक्टर कशी नाही झाली?"

तेजू हसत म्हणाली, "दोन वर्षं घासली, मॅडम. डोकंच नाही तेवढं. हिला विचारा, हीच तपासायची माझे पेपर."

बाई माझ्याकडे बघत होत्या. तेजूही बघत होती, सुई हातात धरून.

"हो," मी म्हणाले. "नव्हतं तेवढं डोकं."

तिने मान हलवली आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला.