सत्यभामा मावशींची कोरियन पानं

मुरुम गावातल्या आमच्या शाळेत सत्यभामा मावशी सतरा वर्षांपासून खिचडी शिजवतात. मी तिथं शिकवते आणि त्यांच्या शेजारीच राहते, त्यामुळे त्यांचे गुडघे रोज किती छळतात ते मला ठाऊक आहे. नवरा कधीच गेला. मुलगी एकच, मोनिका, पुण्यात एका कोरियन कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मदतनीस.

यंदा जूनमध्ये मोनिकानं पेरिला नावाचं बी आणून अंगणात टाकलं. पानं तळहाताएवढी, कडा कातरलेल्या, वास थोडा पुदिन्याचा, थोडा बडीशेपेचा. कोरियन माणसं त्याचं लोणचं भाताशी खातात म्हणे. तिच्या साहेबांना घरच्यासारखं लोणचं करणारं कुणीतरी हवं होतं. पहिली बरणी आवडली, तर मोनिका मुख्य स्वयंपाकीण होणार, राहायला खोली मिळणार, आणि आई कायमची पुण्याला.

"चुलीपुढनं सुटशील बघ एकदाची," मोनिका म्हणाली होती.

पानं तयार झाली तेव्हा तिला सुट्टी मिळेना, म्हणून एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. फोन धरायला मी. धुऊन कोरडी केलेली दोनशे पानं. सोयासॉस, लसूण, कांदा, लाल तिखट आणि भाजलेले तीळ कालवायचे, आणि दर दोन पानांवर चमचाभर फासून थर लावत जायचं. मला तर बघूनच कंटाळा आला. मावशी दीड तास पाटावर बसून होत्या. मधेच पाय लांब करायच्या, कण्हायच्या, पुन्हा जवळ घ्यायच्या.

"आणि आई, मीठ घालू नको बरं का. सॉस खारटच असतो," एवढं सांगून मोनिकानं फोन ठेवला.

फोन बंद होताच मावशींनी बरणीत मूठभर मीठ पेरलं.

"मावशी, नको म्हणाली ना ती?"

"बाई, मिठाबिगर लोणचं टिकतं व्हय? पुण्याला जाईस्तवर बुरशी धरंल."

जन्मभर लोणची घातलेली बाई. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अजून राग येतो मला, दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

बरणी सोमवारी गावातल्या एकाबरोबर गेली. गुरुवारी सकाळी मावशी शाळेत तांदूळ धूत होत्या, तेव्हा फोन आला. हात ओले, म्हणून मीच स्पीकर लावला.

"आई, साहेबांनी एक पान खाल्लं आणि दोन गिलास पाणी प्यायले. दुसऱ्या बाईला घेतलं त्यांनी. तू चाखलं नव्हतंस का?"

"सायबासाठी भरलेली बरणी व्हती ती. त्येच्या आधी मीच उष्टी कशी करू, पोरी?"

 मोनिका म्हणाली, "असू दे आई. तुझं काही चुकलं नाही." आवाज इतका दमलेला होता की रागावली असती तर बरं, असं मला वाटलं.

मावशींनी तांदळाचं पाणी ओतलं. दुसरं घेतलं. तेही ओतलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "दोन साड्या तेवढ्या भाईर ठिवल्या व्हत्या. बाकी समदं म्या बांधून ठिवलं व्हतं."

मग तांदूळ उचलून चुलीकडं गेल्या.