बाबारावांचं दुसरं उत्तर

बाबाराव विजेच्या खांबावर चढले की महाल भागातल्या गल्लीतल्या बाया पाणी भरायच्या थांबत, असं ते स्वतःच सांगत. प्रेमलताबाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं, पण लग्न झाल्यापासून ऐकत मात्र आल्या होत्या. नवरा लाइनमन, अंगाने काटक, तोंडाचा फटकळ, आणि ताप आला तरी कपाळाला कुणाला हात लावू देणार नाही. "मी काय लेकरू आहो का?" हे ठरलेलं.

रिटायर झाले त्या वर्षी दीक्षा नावाची एक मुलगी दारावर आली. लोकांना कोणतं दुखणं किती जड वाटतं, याचा सर्व्हे ती घरोघर करत होती. तिने विचारलं, "समजा काकाजी, एक बाजू लुळी पडली, आंघोळसुद्धा दुसऱ्याने घालावी लागते, आणि अशी दहा वर्षं मिळणार आहेत. त्याऐवजी ठणठणीत पण कमी वर्षं मिळत असतील, तर दहातली किती सोडाल?"

बाबारावांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "नऊ घेऊन जा. एक धडधाकट दे, बस. अन् दुसऱ्याच्या हातानं आंघोळ करा लागन, तं मले सरळ घाटावर नेऊन ठेवा!"

दीक्षाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ती गेल्यावर त्यांनी बायकोचा हात आपल्या हातात घेतला. "आयकलं ना? तशी पाळी आली तं डॉक्टरच्या मांगं लागू नको. मले जाऊ दे. शब्द दे." प्रेमलताबाईंनी दिला. या माणसाचं ऐकायचं नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. भाजीत मीठसुद्धा त्याच्या जिभेप्रमाणे पडायचं.

पुढच्याच उन्हाळ्यात बाबाराव चहा पिता पिता खुर्चीतून कलंडले. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सूज आहे, डोक्याचं ऑपरेशन लगेच करावं लागेल. जीव वाचेल, पण डावी बाजू परत येईल अशी आशा धरू नका. सही करा. प्रेमलताबाईंना शब्द आठवत होता, अगदी अक्षर न् अक्षर. तरी त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

बाबाराव वाचले. डावी बाजू गेली ती गेलीच. सही कुणी केली हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि सांगायची प्रेमलताबाईंची छाती झाली नाही. रोज सकाळी त्या त्यांना न्हाणीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत. अंगावर पहिला तांब्या पडला की बाबाराव डोळे मिटून घेत, ते टॉवेल हातात येईपर्यंत उघडत नसत. ते मिटलेले डोळे पाहून प्रेमलताबाईंना वाटे, या माणसाला ज्याची भीती होती, नेमकं तिथेच आपण आणून बसवलं! मग ती शांतता सोसवेना म्हणून त्या काहीबाही बोलत सुटत. बाजार, माहेर, भावांची भांडणं, जे सुचेल ते. अशी तीन वर्षं गेली.

डिसेंबरातल्या एका सकाळी, आंघोळीचं पाणी गॅसवर असताना, दीक्षा परत आली. या वेळी तिच्या यादीत लकवा झालेले पेशंट होते. दारात खुर्चीवर बसलेल्या बाबारावांना तिने लगेच ओळखलं.

"काकाजी, प्रश्न तोच आहे," ती चाचरत म्हणाली. "नाही विचारला तरी चालेल."

"इचार ना पोरी. मले कुठं जाचं आहे?"

तिने विचारलं. प्रेमलताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातातली सांडशी हातातच राहिली. आता हे पुन्हा नऊ म्हणणार. मग आपण तोंड कुठे लपवायचं?

या वेळी बाबारावांनी घाई केली नाही. चालत्या हाताच्या बोटांवर त्यांनी काहीतरी मोजलं. "मे महिन्यातले पंधरा दिवस घेऊन जा. लाइट जाते, कूलर बंद पडते, अन् मले कड बदलता येत नाही. बाकी काही देत नाही."

"दहा वर्षांतले फक्त पंधरा दिवस?"

"काहून? जास्त झाले काय?"

दीक्षाला हसू आलं आणि तिने कागद खाली ठेवला. "मागच्या वेळी तुम्ही आंघोळीचं म्हणाला होता..."

"तेच तं सांगून राहिलो. आंघोळीले पाऊण तास लागते. तेवढा वेळ ही बोलते." त्यांनी उंबऱ्याकडे मान वळवली. "जिंदगीभर मीच बोललो, खांबावर चढल्याचं. अन् ही लहानपणी रामटेकचा गड एका दमात चढे, भाऊ मांगं राहत, हे मले आत्ता मालूम झालं! मी डोळे मिटून आयकतो. उघडले की ही लाजते अन् चूप होते."

प्रेमलताबाई थक्क होऊन बघत राहिल्या. ज्याला त्या तीन वर्षं शरम समजत होत्या, ते ऐकणं होतं. रोज सकाळी, आपल्या हाताखाली बसून, हा माणूस सुखात होता.

"ज्यांना असं दुखणं नसतं ते लोक असंच सांगतात, की असं जगणं नको," दीक्षा हळू म्हणाली. "आणि जे त्यात राहतात ते वेगळंच सांगतात. पण दोन्ही उत्तरं एकाच माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली."

"मंग ते पहिलं खोडून टाक. त्या माणसाले काय समजत होतं? त्यानं असा एक दिवस तरी काढला होता काय?"

"खोडता येत नाही, काकाजी. दोन्ही राहतात."

प्रेमलताबाईंच्या तोंडून निघूनच गेलं. "अजी, सही मीच केली होती. तुमाले शब्द दिला होता, नाही पाळला."

"मालूम आहे. दवाखान्याच्या फायलीत पाह्यली, पहिल्याच महिन्यात." बाबाराव म्हणाले. "तू त्या माणसाचं जनमभर आयकलं. एकदा नाही आयकलं, म्हणून मी आहो."

दीक्षा उठली. प्रेमलताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या काही बोलणार, तेवढ्यात बाबारावच म्हणाले, "पाणी काढ वं आता. गडावरून उतरताना काय झालं, ते काल अर्धंच राह्यलं."